व्याकरणाचा नवस

नाही, पण मला एक सांगा, एका शब्दाने एका जागी गप बसायला काय होतं? आपण बसतोच ना? मी या स्टुलावर बसले की उठेपर्यंत बासिलियाच असते, मधेच कढई होत नाही. आणि हा इंग्रजी शब्द बघा... 'लाइट'. सोमवारी आमचे इंग्रजीचे मास्तर लिसें लिम्बर्ट म्हणाले, लाइट म्हणजे दिवा, हे नाम. लिहून घेतलं. बुधवारी म्हणाले, लाइट म्हणजे हलकं, हे विशेषण. बरं, बाबा, खोडलं, पुन्हा लिहिलं. शुक्रवारी तोच माणूस, तोच टाय, तोच खडू, आणि म्हणतो काय, लाइट म्हणजे पेटवणे, हे क्रियापद! मी हात वर केला, म्हटलं लिसें, या शब्दाला स्वतःचं घर आहे की हा नुसता नातेवाइकांकडेच राहतो? वर्ग हसला. हसा. तुमची वयं वीस-बावीस, तुमच्या गुडघ्यांतून अजून आवाज येत नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, घेरदार पोलेरा, म्हणजे आमचा घागरा, आवरून, वेण्या पाठीमागे टाकून, हॅट मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसते, कारण दुसऱ्या बाकावरून मला फळाच दिसत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते सहा, अख्खं ला पास शहर ज्या वेळेला चहा आणि पाव घेऊन निवांत बसतं त्या वेळेला.

पण बोलणार कुणाला? नवस बोलताना जीभ माझीच होती ना, मग तक्रार कुणाकडे करू?

तुम्ही म्हणाल, नवसाचा आणि इंग्रजीचा संबंध काय. काही नाही हो! तेच तर रडगाणं आहे. नवस म्हणजे कसा असावा, तर त्याला काही रीत असते. प्रभूच्या मिरवणुकीत तीन वर्षं नाचीन म्हणावं, नाचावं, मोकळं व्हावं. मी नाचले आहे. माझ्या नवऱ्याच्या, फेर्मीनच्या मिनीबसचे ब्रेक भर उतारावर गेले आणि बस एका भिंतीला टेकून अलगद थांबली, त्याबद्दल तीन वर्षं नाचले, अंगावर दहा किलोचा साज घालून. माझ्या लेकीचं, नाइडाचं लग्न जमेना, तेव्हा कोपाकबानाच्या मामिताला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, चालत येईन म्हटलं, चालत गेले, तीन दिवस. नाइडाचं लग्न झालं आणि माझा गुडघा गेला. माझ्या कपाटात जेवढे कपडे नाहीत तेवढे नवस मी फेडलेत, आणि कधी एका पैशाची कुरकुर केलेली नाही. पण हा...

झालं काय, नाइडा आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोर एवढीशी, बाजारात बटाटे घेतल्यावर ओळखीची बाई वरून दोन जास्तीचे टाकते ना, तेवढी. काचेच्या पेटीत ठेवली, नाकात नळी. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छाती अजून तयार नाही, पुढचे दोन दिवस काढले पाहिजेत. एवढं बोलून ते गेले आणि मी त्या लांबलचक वऱ्हांड्यात एकटी उभी. गुडघे टेकायची सोय नाही, टेकले तर उठवायला दोन माणसं लागतात. मी उभ्यानेच म्हटलं, मामिता, पोरीला तिच्या तिच्या छातीने श्वास घेऊ दे, मी... आणि अडले. नाचीन म्हणावं तर गुडघा. चालत येईन म्हणावं तर गुडघा. मेणबत्त्या? लोक मेणबत्त्या जावई सुधारावा म्हणून लावतात, अख्ख्या पोरीच्या श्वासाला मेणबत्त्या पुरतात होय? काहीतरी जड हवं, जीव मेटाकुटीला येईल असं. काय बोलू, काय बोलू म्हणत मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर एक कागद डकवलेला. त्यावर एक गोरी बाई बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसतेय आणि खाली लिहिलंय, 'सहा महिन्यांत इंग्रजी, पहिली पायरी'. आणि माझी जीभ... माझी ही जीभ म्हणाली, मामिता, मी इंग्रजीची पहिली पायरी पास होईन.

त्या कागदाच्या डाव्या अंगाला दुसरा कागद होता, दिवसातून तीनदा दात घासा असा. चार बोटं, फक्त चार बोटं मान डावीकडे वळली असती तर आज मी पांढऱ्याशुभ्र दातांनी हसत असते. पण जीभ माझीच होती ना, तक्रार कुणाकडे करू?

तिसऱ्या दिवशी पोरीने आपला आपण श्वास घेतला. अकराव्या दिवशी पेटीतून बाहेर आली. आता बघा, मामिताने आधी दिलं. एक दिवस मागेपुढे केलं नाही, अट घातली नाही, पुरावा मागितला नाही. म्हणजे पाळी माझी.

माझी कोमाद्रे तेओदोरा, म्हणजे माझ्या नाइडाची धर्ममाता, तिला हे सांगितलं तेव्हा ती गरम आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं पेय, पीत होती, तो जांभळा घोट तिच्या नाकातून आला. हसून हसून टेबलावर पडली. म्हणाली, कोमाद्रे, लोक देवाला कोंबडं कबूल करतात, तू स्वतःची मान कबूल केलीस. मग म्हणाली, बदलून घे की, पाद्रीबाबांना सांगून नवस बदलून मिळतो. मी म्हटलं, बदलून चपला घेतात. ती पोर बदलून दिली का मामिताने, की ही नको, जरा जाडसर दुसरी घे? तेओदोराने पुन्हा पेला उचलला, पण घोटाघोटाला पुन्हा फिसकत होतीच.

मग गेले अकादमीत. नाव घेत नाही, कशाला कुणाचं घ्या. दारावरच्या पहारेकऱ्याने हॅटपासून पोलेराच्या काठापर्यंत मला एकदा बघितलं आणि म्हणाला, साफसफाईचं मागच्या दाराने. म्हटलं, शिकायला आलेय. तो माझ्या मागे बघायला लागला, शिकणारं माणूस कुठे लपलंय म्हणून. आणि आत गेले तर पहिला धडा कुठला? शब्दांच्या जाती! म्हटलं, चला, हा तरी सोपा जाणार. जात ओळखायला आमच्या शहरात शाळा लागत नाही. मी तोंड उघडायच्या आत दारावर माझी ओळखून झाली होती.

पण नाही. इंग्रजी शब्दांना हॅट नाही, पोलेरा नाही, ओळखायचं कशावरून? लिसें लिम्बर्ट, शिकलेला माणूस म्हणून लिसें म्हणायचं, तर हे शेजारच्या ओरुरो शहराच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत, पण टायवर चार देशांचे झेंडे, आणि बोलतात असे की कालच तिकडून परतलेत. 'आपल्याकडे' म्हणजे इथे नाही हं, तिकडे. हनुवटी वर करून, डोळे मिटून म्हणायचे, "सेन्योरा बासिलिया, शब्द नाही बघायचा, शब्दाची जागा बघायची." अहो, पण शब्द बघितल्याशिवाय त्याची जागा कशी दिसणार? डोळे मिटून तुम्हाला दिसते, मला नाही.

दोन महिने मी नुसती पाठ करत होते. नाम, सर्वनाम, विशेषण, जपमाळेसारखं. घरात सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवल्या. भांड्यावर नाम, तिखटाच्या बरणीवर विशेषण. खुर्चीवर नाम चिकटवलं, खुर्चीत फेर्मीन बसला होता, त्याच्यावर क्रियापद लावायला गेले पण मनाला पटेना, कारण क्रिया काही दिसत नव्हती. तो म्हणाला, म्हातारे, हे कागद राहू देत, सूप कुठाय? सूप थंड होतं. त्या काळात आमच्या घरी सूप हे नेहमी थंडच असायचं, आणि ते थंड हे विशेषण आहे हे मी त्याला वाढताना सांगायचे. एवढा धीराचा नवरा, पण एकदा म्हणाला, नवस तू केलास, उपास मला का?

आणि मग एका लग्नात माझी ट्यूब पेटली. मी केकची माद्रिना होते, म्हणजे केक माझ्यातर्फे, मान माझा, पहिल्या रांगेत खुर्ची. तिथे वराची आई मला हाताला धरून माद्रिना, माद्रिना करतेय. शेजारी तेओदोरा, ती म्हणते कोमाद्रे. नाइडा आली, म्हणते मामा, म्हणजे आई, पोरीला धर. बाहेर गेले तर भाजीवाली मला नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून कासेरा म्हणते, कासेरा, आज इकडे कुठे? आणि घरी जायला टॅक्सीला हात केला तर टॅक्सीवाला म्हणतो, ए बाई, बाजूला हो. अहो, बाई एकच! हॅट तीच, वेण्या त्याच. जिथे उभी राहीन तशी मी बदलते, मला कुणी खोडून पुन्हा लिहीत नाही. म्हणजे 'लाइट' बिचारा काय वेगळं करतोय? तो पण दिवसभर नाती सांभाळत फिरतोय. मी सोमवारी उभी राहून वर्गात हे सांगितलं. मुलांनी वह्या काढून लिहून घेतलं. एक मुलगी म्हणाली, तीन वर्षं शाळेत शिकले, आज कळलं. लिसें म्हणाले, हे पुस्तकात नाही. आणि फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, तरी पुसला.

बरं, जागा कळली म्हणून सुटका होते का? मग आली शब्दांची रूपं. एका शब्दाला पोरं किती असावीत? स्लीप म्हणजे झोप, स्लीपी म्हणजे पेंगुळलेला, अस्लीप म्हणजे झोपलेला, स्लेप्ट म्हणजे झोपून उठलेला आणि स्लीपलेस म्हणजे मी. सगळं खानदान पाठ केलं. मग म्हणाले, शेवटी 'ली' आलं की समजा क्रियाविशेषण, डोळे झाकून लिहा. मी लिहिलं. स्लोली, क्विकली... फॅमिली. फुली मारली! का? तर म्हणे कुटुंब हे नाम. आणि फ्रेंडली? ते विशेषण. म्हणजे नियम केलात तुम्ही, डोळे झाका म्हणालात तुम्ही, आणि खड्ड्यात पडले की विचारता डोळे का झाकले? लिसें म्हणाले, अपवाद. तुम्हाला सांगते, इंग्रजीत नियम हा पाहुणा आहे, अपवाद घरातलेच.

तेओदोराचं लोकरीच्या टोप्यांचं दुकान आहे, जिथे परदेशी लोक येतात तिथे. ती म्हणाली, चल, ज्यांची भाषा आहे त्यांनाच विचार. तिथे एक उंच गोरी मुलगी टोपी घालून आरशात बघत होती. मी वही पुढे केली, सोबत आलेल्या नाइडाने फोनमधून भाषांतर करून विचारलं, या वाक्यात क्रियाविशेषण कुठलं? त्या मुलीचा चेहरा असा झाला जसा आपला पोलिसाने कागद मागितल्यावर होतो. बराच वेळ वहीकडे बघून म्हणाली, माफ करा, हे शाळेत होतं, मला कधीच जमलं नाही. आणि घाईघाईने टोपी घेऊन गेली. अहो, जन्मापासून तीच भाषा बोलतेय! त्या भाषेत रडली असेल, भांडली असेल, प्रेमात पडली असेल, आणि क्रियाविशेषणावाचून तिचं काहीही अडलं नाही. अडलं कुणाचं? माझं. जीभ माझी होती ना.

परीक्षा झाली. पास व्हायला एक्कावन्न लागतात. निकाल दारावर लावला होता, मी बोटाने खाली खाली सरकत माझं नाव काढलं आणि समोर बघितलं.

पन्नास.

पन्नास हो! चाळीस असते तर रडले असते आणि विसरले असते. लिसेंनी मला बाजूला घेतलं, हनुवटी जरा खाली होती त्या दिवशी. म्हणाले, वर्गाचा निरोपसमारंभ आहे, सगळ्या गोष्टींचा खर्च उचलणारे पाद्रिनो ठरलेत, केकचं तेवढं कुणी नाही. सेन्योरा, तुम्ही केकची माद्रिना व्हा, तीन मजली करा, एका मार्काचं काय, तो मी बघतो. इथे असंच चालतं, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगते, मलाही लगेच वाटलं नाही. मी मनात साखर मोजायला लागले होते.

घरी सगळ्यांना आनंद. फेर्मीन म्हणाला, केक कर, दोन कर, पण मला गरम सूप दे. तेओदोरा म्हणाली, मामिता काय पेपर तपासायला बसणार आहे? नाइडा म्हणाली, मामा, एक मार्क म्हणजे एक टिंब. आणि त्याच आठवड्यात पोर खोकायला लागली. छातीतून बारीक शिट्टी यायची, दाराच्या फटीतून वारा येतो तशी. मी तिला पाठीशी आगुआयोच्या झोळीत बांधून घरभर फिरत होते, आणि प्रत्येक शिट्टीला मला वाटत होतं, बासिलिया, मामिताने तुला अख्खा श्वास दिला होता, तू परत काय देतेयस? केकचा मार्क?

आता हसा तुम्ही. मला माहीत आहे, देव असा नसतो. दिवसा माहीत असतं. पण पाठीवर शिट्टी वाजत असताना माहीत नसतं हो.

मी लिसेंकडे गेले. म्हटलं, केक मी करीन, हौसेने करीन, पण मार्क नको. ते म्हणाले, मार्काशिवाय केक? त्यांना कळेचना. मला वाटतं त्या वाक्यात त्यांना माझी जागा सापडत नव्हती.

आणि पन्नासाचं गुणपत्रक घडी घालून पिशवीत टाकलं, पोरीला पाठीवर बांधलं आणि बसने कोपाकबानाला गेले, मामिताकडून मुदत मागायला. त्या दिवशी देवळासमोर गाड्यांना आशीर्वाद देणं चाललं होतं. नव्या गाड्या, जुन्या गाड्या, टपावर फुलं, रंगीत कागद, मालक चाकांवर बिअर ओततायत, आणि फादर बादली घेऊन एकेका गाडीवर पाणी शिंपडत चाललेत. फादरांशी बोलायचं तर दुसरी रांगच नाही. मी उभी राहिले, पुढे एक ट्रक, मागे एक टॅक्सी, मधे मी.

फादर आले, माझ्यापुढे थांबले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, तुमची गाडी कुठाय?"

मी गुणपत्रक दाखवलं. सगळं सांगितलं, काचेची पेटी, भिंतीवरची दातवाली बाई, पन्नास, केक, शिट्टी. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. फादरांनी बादली खाली ठेवली आणि आगुआयो जरा बाजूला करून पोरीकडे बघितलं. ती त्यांची दाढी धरायला बघत होती.

ते म्हणाले, "एक मार्क तुम्हाला आयता मिळत होता, आणि तुम्ही नको म्हणालात?"

मी म्हटलं, मामिताला खोटं कसं देऊ?

"मग आणखी काय द्यायचं राहिलंय? ती आई आहे, बाई, परीक्षा मंडळ नव्हे. आणि जूनच्या ऐन हिवाळ्यात खोकला सगळ्या गावाला आहे, मलाही आहे." तिथेच खोकूनही दाखवलं. "तुमचा नवस फिटला. जा, पोरीला उबेत ठेवा."

आणि असं भरभरून पाणी शिंपडलं की मी, पोर, गुणपत्रक, सगळे ओलेचिंब. टॅक्सीवाल्याने मागून थोडी बिअर पण उडवली, त्याला वाटलं असेल आमच्यातच काहीतरी नवीन घेतलंय.

तुम्हाला खोटं नाही सांगत, मी देवळात जाऊन रडले. आठवड्याभराने पोरीची शिट्टी थांबली, आलं-मध आणि ऊब, दुसरं काही नाही. फेर्मीनने घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने सोलून काढल्या, आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढं काम करताना बघितलं, आणि तेओदोरा पाव घेऊन आली. सूप गरम होतं. सगळ्यांनी दोन-दोन वाट्या घेतल्या. मी पण घेतली. पण घास घेता घेता माझ्या डोळ्यांपुढे तो आकडा. पन्नास. भांडी घासताना पन्नास. पोरीला झोपवताना पन्नास. अहो, परीक्षेतही 'ली' बघून 'फॅमिली'ला तीच चूक केली, त्या एका फुलीपायी! आता मला येतं ते. झोपेत उठवून विचारा.

सोमवारी साडेतीनला मी वेण्या घातल्या, हॅट चढवली, वही घेतली आणि दाराशी आले. फेर्मीन खुर्चीतून उठून माझ्यापुढे उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"म्हातारे, फादर म्हणाले ना नवस फिटला?"

म्हटलं, फिटला.

"मग आता कुणासाठी बोललीस? माझं तर काही दुखत नाही."

म्हटलं, कुणासाठी नाही.

"मग ही वही कशाला?"

आता त्याला काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू... नवस असता तर फादरांनी बादलीभर पाण्यात सोडवला असता हो. हे एक्कावन्न माझं स्वतःचं आहे, हे कोण सोडवणार?